शब्दचर्चा : बारकोड ‘वाचतात’, ‘टिपतात’ की ‘उकलतात’?

अनुवादक :
बारकोड आणि प्रकाशाच्या साहाय्याने वाचणाऱ्या यंत्रांमधल्या शोधांवरचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे. ‘बारकोड’ला दंडसंकेत, रेषासंकेत, पट्टीसंकेत असे तीन पर्याय सापडले. यंत्राला ‘संकेतवाचक’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वाचताना ते खटकलं. का खटकलं ते मात्र नेमकं सांगता येईना. शिवाय लेखभर ‘शोध’ हा शब्द इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी येतोय की माझाच गोंधळ उडाला आहे. तुम्ही काय लिहाल?

व्याकरणप्रेमी :
‘संकेतवाचक’ का खटकतो ते आधी सांगतो. मराठीत ‘वाचक’ शब्द समासाच्या शेवटी आला की त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘दाखवणारा’ असा होतो. संख्यावाचक विशेषण संख्या वाचत नाही, ती दाखवतं. प्रश्नवाचक, स्थलवाचक, समूहवाचक या शब्दांचंही तसंच. त्यामुळे ‘संकेतवाचक’ म्हटलं की कानाला ‘संकेत दाखवणारा’ असं ऐकू येतं, म्हणजे छापलेली खूणच डोळ्यांपुढे येते आणि यंत्र बाजूलाच राहतं. ‘वाचकयंत्र’ किंवा ‘वाचनयंत्र’ म्हणा, अडचण संपली. नुसतं ‘स्कॅनर’ म्हटलं तरी माझी हरकत नाही.

‘संकेत’ हा शब्द मात्र सोडू नका. काहीजण ‘कूट’ सुचवतील. पण कूटप्रश्न, कूटनीती या सगळ्यांत लपवाछपवी आहे. बारकोडात लपवलेलं काहीच नसतं, त्याच्या पायाशी तेच आकडे उघडे छापलेले असतात. संकेत म्हणजे ठरवून घेतलेला संबंध. अमुक जाडीच्या रेघा म्हणजे ७, यामागे कुठलंही नैसर्गिक कारण नाही, सगळ्यांनी तसं ठरवलं एवढंच. शब्द आणि अर्थ यांच्या नात्याबद्दल बोलताना आपले शास्त्रकार ‘संकेत’ हाच शब्द वापरत आले आहेत.

छपाईतला :
मी छपाईच्या बाजूने बोलतो. ‘दंडसंकेत’ आणि ‘रेषासंकेत’ हे दोन्ही शब्द अर्धीच गोष्ट सांगतात. बारा आकडी अमेरिकी बारकोड घ्या. त्याची रुंदी ९५ समान घरांची. प्रत्येक आकड्याला ७ घरं, त्यांत दोन काळ्या रेघा आणि दोन मोकळ्या जागा. दोन्ही टोकांना आणि मध्ये राखणदार रेघा, म्हणजे सुरुवात, मध्य आणि शेवट दाखवणाऱ्या. सगळ्या मोजल्या तर काळ्या रेघा ३० भरतात आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा २९. यंत्र रेघेची जाडी जितकी मोजतं तितकीच मोकळ्या जागेचीही मोजतं. पांढऱ्यावरून प्रकाश परततो, काळ्यावरून फारसा परतत नाही, आणि तो कमीजास्त होणारा उजेड किती वेळ टिकला यावरून आकडा ठरतो. मोकळी जागा जरा आक्रसली तरी आकडा हुकतो. म्हणून आम्ही शाई पसरण्याची एवढी काळजी घेतो.

‘पट्टेरी’ हे विशेषण यात चांगलं बसतं. पट्टेरी वाघ म्हटल्यावर काळे पट्टे आणि मधला पिवळा, दोन्ही एकदमच डोळ्यांपुढे येतात. ‘पट्टेसंकेत’ म्हटलंत तर काळं-पांढरं दोन्ही त्यात सामावतं.

आणखी एक. बारा आकडे असतात म्हणून ‘बार’कोड, असं समजणारे मला भेटले आहेत. ते खरं नाही. हा ‘बार’ म्हणजे दांडा, पट्टी. आणि तेरा आकड्यांचे बारकोडही सर्रास आहेत.

अनुवादक :
‘पट्टे’बद्दल आभार, हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. पण एक अडचण आहे. पहिल्या पेटंटात ही खूण गोल आहे. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांनी फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत १९४८ मध्ये गल्ल्यावर मालाची माहिती आपोआप कशी वाचायची या प्रश्नावर काम सुरू केलं. पुढे वुडलँड मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसलेले असताना तारायंत्राच्या मोर्स संकेतातले ठिपके आणि रेघा वाळूत काढत होते. बोटं तशीच खाली ओढली, तर ठिपक्यांच्या बारीक रेघा झाल्या आणि रेघांच्या जाड. इथवर ‘पट्टे’ ठीक आहे. पण १९४९ मध्ये अर्ज करून ऑक्टोबर १९५२ मध्ये मिळालेल्या त्या पेटंटात सरळ रेघांबरोबरच एकात एक वर्तुळंही आहेत, नेमबाजीच्या लक्ष्यासारखी. कोणत्याही दिशेने प्रकाश फिरवला तरी खूण तीच दिसावी म्हणून. पेटंटाच्या नावातही ‘बार’ नाही. मराठीत आणायचं तर ‘वर्गीकरणाचं यंत्र आणि पद्धत’ एवढंच.

छपाईतला :
ती वर्तुळं का गेली, हे छपाईवालाच चांगलं सांगू शकेल. छपाईयंत्रातून कागद धावताना शाई धावण्याच्या दिशेने किंचित ओढली जाते. वर्तुळाच्या दोन बाजू त्याने जाड होतात आणि मापं बिघडतात. सरळ रेघा धावण्याच्या दिशेनेच उभ्या छापल्या, तर ओढलेल्या शाईने रेघ फक्त थोडी लांबते, जाडी तशीच राहते. आयबीएम या संगणक कंपनीतले जॉर्ज लॉरर यांनी हे ओळखलं आणि त्यांचा सरळ रेघांचा नमुना एप्रिल १९७३ मध्ये अमेरिकी किराणा उद्योगाने स्वीकारला. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंग गमचं एक पाकीट गल्ल्यावरच्या यंत्राखालून गेलं, तो या खुणेचा पहिला व्यवहार. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. यंत्राच्या सोयीसाठी शोधलेला आकार कागदावरच्या शाईने बदलायला लावला!

मधली वीस वर्षं का गेली? १९४९ च्या सुमारास वुडलँड आणि सिल्व्हर यांच्याकडे ५०० वॉटचा दिवा होता. खूण वाचण्याजोगा बारीक आणि प्रखर झोत मिळायला लेझर यावा लागला, तो १९६० मध्ये. त्यातच पेटंटाची मुदत पहिला व्यवहार होण्याआधी संपूनही गेली.

व्याकरणप्रेमी :
पेटंटाला मराठीत ‘एकस्व’ हा चांगला शब्द आहे. एकाचंच स्वत्व. लेखात पहिल्यांदा येईल तिथे ‘एकस्व, म्हणजे पेटंट’ असं लिहा, पुढे वाचक सरावतो.

आता ‘शोध’. तुमचा गोंधळ खराच आहे. नव्या भूमीचाही शोध, विजेच्या दिव्याचाही शोध, हरवलेल्या किल्लीचाही शोध. पण मराठीने हा फरक नामात ठेवलेला नाही, क्रियापदात ठेवला आहे. शोध ‘लावतो’ तो घडवणारा. शोध ‘लागतो’ तो आधीपासून असलेल्या गोष्टीचा. शोध ‘घेतो’ तो धुंडाळणारा. काटेकोरच व्हायचं असेल तर संस्कृतात ‘उपज्ञा’ आहे, एखाद्याने प्रथम स्वतःच्या बुद्धीने जाणलेलं. ‘पाणिन्युपज्ञ व्याकरण’ हे त्याचं जुनं उदाहरण. कायद्याच्या मजकुरात तो शोभेल. सर्वसाधारण लेखात मात्र मी ‘शोध लावला’ एवढंच ठेवीन.

अंकमित्र :
एकाच उदाहरणात ‘लावणं’, ‘घेणं’, ‘लागणं’ तिन्ही दाखवता येतील. क्यूआर कोडचा शोध जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लावला. त्याच्या तीन कोपऱ्यांत जे चौकोन असतात ते यंत्राला खुणेची जागा शोधून देतात. या चौकोनासाठी छापील मजकुरात सहसा न आढळणारं काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण कोणतं, याचा त्यांनी आधी शोध घेतला, आणि १:१:३:१:१ या प्रमाणाचा शोध लागला. मधोमध कुठूनही आडवं कापा, तिरकं कापा, हेच प्रमाण मिळतं.

आणि क्यूआरमध्ये तर पट्टेच नाहीत. त्याला ‘पट्टेसंकेत’ म्हणाल? मी कापडाच्या नक्षीवरून ‘चौकडीसंकेत’ म्हणेन.

अनुवादक :
‘चौकडीसंकेत’ गोड आहे, पण वाचणारा थांबेल आणि डोकं खाजवेल. क्यूआर हा क्यूआरच राहू दे. मुळात ते ‘झटपट प्रतिसाद’ या अर्थाच्या दोन शब्दांचं लघुरूप आहे, त्यात आकाराचं वर्णनच नाही. म्हणजे तिथे भाषांतर केलं तरी चित्र हाती लागणार नाही.

या निमित्ताने एक गोष्ट विचारते. हल्ली लोक ‘स्कॅनर दाखवा’ म्हणतात आणि त्यांना हवा असतो छापलेला क्यूआर. मी इतके दिवस ही चूक समजून दुरुस्त करत होते.

व्याकरणप्रेमी :
चूक म्हणण्याची घाई नको. बारकोडाच्या पद्धतीत यंत्र एका जागी असायचं आणि वस्तू त्याच्यापुढून जायची. क्यूआरच्या पद्धतीत खूण भिंतीवर ठाण मांडून बसते आणि यंत्र खिशातून तिच्यापाशी येतं. जागेवर बसलेल्या वस्तूला लोकांनी जुन्या सवयीने ‘स्कॅनर’ म्हटलं. अर्थ सरकला, पण सरकण्यामागे कारण आहे. बोलण्यात हे राहील. लेखात मात्र खूण ती खूण आणि यंत्र ते यंत्र, हे वेगळं ठेवावंच लागेल, नाहीतर कोण कोणाला वाचतं तेच कळणार नाही.

अंकमित्र :
मला एका शब्दासाठी खास आग्रह धरायचा आहे : ताळा. बारकोडाचा शेवटचा आकडा तपासणीसाठी असतो. त्याला ‘तपासणी अंक’ म्हणतात ते चालेल, पण गणितात उत्तर बरोबर आहे का ते पाहण्याला आपण ताळा पाहणं किंवा पडताळा पाहणं म्हणतोच की. ‘ताळ्याचा अंक’ म्हणा.

करून पाहा. १२३४५६७८९०१ हे अकरा आकडे घ्या. विषम जागांवरचे १, ३, ५, ७, ९, १ यांची बेरीज २६, तिची तिप्पट ७८. सम जागांवरचे २, ४, ६, ८, ० यांची बेरीज २०. एकूण ९८. पुढचा दशक गाठायला २ हवेत, म्हणून बारावा आकडा २. एक आकडा चुकला तर ताळा जमत नाहीच. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा जमत नाही. अपवाद फक्त पाचाच्या फरकाचा : १ आणि ६, २ आणि ७ अशा जोड्या अदलाबदल झाल्या तर ताळा बिनबोभाट जमतो. तिप्पट केल्यामुळे शेजाऱ्यांची अदलाबदल पकडता येते आणि त्याच तिपटीमुळे हा एक फटही उरतो.

व्याकरणप्रेमी :
फट स्त्रीलिंगी. ‘ही एक फटही उरते’.

अंकमित्र :
बरोबर. दुरुस्ती मान्य.

अनुवादक :
‘ताळ्याचा अंक’ घेतला! आता मथळ्यातला प्रश्न. स्कॅनर बारकोड वाचतो, टिपतो की उकलतो?

छपाईतला :
तिन्ही, पण एकापाठोपाठ एक. आधी प्रकाश ‘टिपतो’ : परत आलेल्या उजेडाचा चढउतार. मग ‘मोजतो’. मग त्या मापांवरून आकडे ‘उकलतो’. आणि सगळं मिळून बाहेरच्या माणसाला दिसतं ते ‘वाचणं’. लेखात जिथे संपूर्ण क्रिया असेल तिथे ‘वाचणं’ लिहा, जिथे आतली पायरी सांगायची असेल तिथे ‘टिपणं’ आणि ‘उकलणं’ वेगळं करा. उलटा धरलेला बारकोड यंत्राला कसा कळतो, हे सांगताना हा फरक लागतोच. बारा आकडी बारकोडात डाव्या अर्ध्यातल्या प्रत्येक आकड्यात काळ्या घरांची संख्या विषम असते, उजव्या अर्ध्यात सम. उजेड टिपताना यंत्राला उलटसुलट काही माहीत नसतं. उकलताना आधी सम घरं आली, की कळतं की आपण शेवटाकडून निघालो आहोत.

व्याकरणप्रेमी :
‘उकल’ला माझं मत. कोडं उकलतं, गाठ उकलते, घडी उकलते. आत असलेलं नीट मोकळं होणं. ‘कोड’ला जवळ असलेलं आपलं ‘कोडं’ही त्याच क्रियापदाबरोबर येतं, हा योगायोग कानाला मदतच करतो.

‘ऑप्टिकल’साठीच्या ‘प्रकाशीय’बद्दलही बोलून घेतो. काही ठिकाणी ‘दृक्’ वापरलेलं दिसतं. दृक् म्हणजे पाहणाऱ्याचं पाहणं. इथे प्रश्न डोळ्याचा नाही, माध्यमाचा आहे. आयबीएमचं १९३८ सालचं उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र पेन्सिलीच्या खुणांतून वीज वाहते का ते पाहायचं. धनादेशाच्या तळाशी असलेले विशिष्ट वळणाचे आकडे चुंबकीय शाईमुळे ओळखले जातात. कागदावर दोन्ही आपल्याला ‘दिसतात’, पण ही यंत्रं त्यांना प्रकाशाने वाचत नाहीत. म्हणून ‘विद्युत’, ‘चुंबकीय’ यांच्या रांगेत ‘प्रकाशीय’ हाच शब्द उभा राहतो.

अनुवादक :
आणि छापलेली अक्षरं ओळखण्याच्या तंत्राला? ‘प्रकाशीय वर्ण अभिज्ञान’ असं एके ठिकाणी मिळालं. तोंडात बसत नाही.

अंकमित्र :
‘अक्षरओळख’! पहिलीतल्या मुलाला जी होते तीच यंत्राला होते. आधी यंत्रांना त्यांच्यासाठीच घडवलेल्या वळणाची अक्षरं लागत. १९७६ मध्ये रे कर्झवाइल यांनी अंध वाचकांसाठी जे वाचनयंत्र जगापुढे आणलं, ते नेहमीच्या छपाईतली निरनिराळी वळणं ओळखून मोठ्याने वाचून दाखवी. एका वळणाची घोकंपट्टी संपून खरी ओळख सुरू झाली ती तिथे.

देवनागरीत तर ही ओळख आणखी कठीण. सगळी अक्षरं शिरोरेघेला टांगलेली, त्यामुळे एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते यंत्राला दिसत नाही. म्हणून जुन्या पद्धतीत ओळीतला सर्वांत दाट आडवा पट्टा शोधून शिरोरेघ आधी पुसतात, मग अक्षरं सुटी होतात. मराठी वळणाचे ल आणि श, ‘दऱ्या’मधला अर्धा र, हे शिकवलं नसेल तर यंत्र तिथे हमखास अडखळतं.

अनुवादक :
‘अक्षरओळख’वर मन जडलं. तर मी असं करते : नाम ‘बारकोड’च, वर्णनात एकदा ‘पट्टेसंकेत’. यंत्र ‘स्कॅनर’ किंवा ‘वाचनयंत्र’. टिपणं, उकलणं, वाचणं वेगवेगळं. शोध लावणं, लागणं, घेणं वेगवेगळं. एकच शब्द उरला. बारकोडाच्या दोन्ही टोकांना जी कोरी जागा सोडावी लागते तिचं मूळ नाव ‘शांत क्षेत्र’ अशा अर्थाचं आहे. मराठीत ते रुग्णालयाबाहेरच्या पाटीसारखं वाटतं.

छपाईतला :
ती जागा सोडली नाही तर यंत्राला सुरुवात कुठे आहे हेच कळत नाही. बारा आकडी बारकोडाला दोन्हीकडे किमान ९ घरं, क्यूआरला चारही बाजूंनी ४. आम्ही छापणारे तिला कायम एकाच नावाने ओळखतो, वहीच्या कडेला सोडतात ना, तोच समास.