'ऊद' : खडा की लाकूड?

सहाण : महंमद अली रोडवरच्या एका अत्तरवाल्यांसाठी मराठी माहितीपत्रक करते आहे. चंदन, देवदार आणि ऊद या लाकडांच्या तेलांबद्दल. ऊदापाशी अडलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, "ऊद लाकडाचा कुठे असतो? तो निखाऱ्यावर टाकायचा खडा." खरंच आहे. दिवेलागणीला आपण घालतो तो ऊद म्हणजे झाडाच्या सालीला खाचा पाडून मिळवलेली राळ. अत्तरवाल्यांचा ऊद म्हणजे अगरू. झाडं वेगळी, वासही वेगळे. काय लिहावं? आणि 'एक्स्ट्रॅक्ट'ला अर्क, तेल की सत्त्व?

शब्दवेल्हाळ : सरळ 'अगरू' लिहा. हाताशी नेमका शब्द असताना संदिग्ध शब्द कशाला? अ-गुरू, म्हणजे जड नसलेलं.

तोळाभर : जड नसलेलं? उत्तम प्रतीचं अगर पाण्यात बुडतं. चिनी भाषेत त्याच्या नावाचा अर्थच 'बुडणारा सुगंध' असा आहे. निरोगी झाडाचं लाकूड फिकट, हलकं असतं, त्याला वास जवळपास नसतो. जखम होऊन आत बुरशी शिरली की झाड बचावासाठी राळ तयार करतं आणि तेवढा भाग काळा, जड, सुगंधी होतो. आसामात होजाईकडे त्याचे तुकडे पाण्यात भिजवून मग भट्टीवर तेल काढतात. माझी हयात या बाजारात गेली. तोळ्यावर अत्तर घेणारं गिऱ्हाईक 'ऊद' मागतं, 'अगरू' कुणी मागत नाही. अरबीत ऊद म्हणजे लाकूडच.

शब्दवेल्हाळ : म्हणजे 'ऊदाचं लाकूड' हे 'लाकडाचं लाकूड' झालं!

दादरची : पावरोटी चालते ना? मग तेही चालेल. 'उदी' रंग आठवा. आजी तपकिरी लुगड्याला उदी म्हणायची. तो रंग काळपट लाकडाचा आहे, पांढरट खड्याचा नाही. म्हणजे मराठीतही ऊद आधी लाकूडच असणार, खडा नंतर आला. नावांची अशी अदलाबदल परदेशातही झाली आहे. अरबांनी या खड्याला 'लुबान जावी', म्हणजे जावाकडचा लोबान म्हटलं. त्याचंच युरोपात घासून 'बेंझॉइन' झालं.

शब्दवेल्हाळ : एका रंगावरून एवढा निष्कर्ष नको. आज मराठी घरात ऊद म्हणजे खडा. जाहिरातींच्या नादाने अर्थ बदलू द्यायचा का?

दादरची : जाहिराती कालच्या आहेत हो, काका. अत्तरवाले या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांचा शब्द मराठी नाही हे कुणी ठरवलं?

लाल माती : आमच्याकडे उदमांजराचं नाव त्याच्या अंगाच्या वासावरूनच पडलं, असं वडील सांगायचे.

शब्दवेल्हाळ : नाही. संस्कृत 'उद्र', म्हणजे पाणमांजर. त्याचा ऊद झाला. अरबीशी संबंध नाही.

लाल माती : पण उदमांजर झाडावर राहतं, पाण्यात नाही. मग हे नाव त्याला कसं लागलं?

चाळकरी : देवदाराकडेही बघा. गिरगावात आमचा माळा देवदारी फळ्यांचा होता, म्हणजे मालाच्या खोक्यांचं स्वस्त लाकूड. 'देवदाराचं तेल' वाचून माझ्या पिढीला ती खोकी आठवतील. शिवाय इंग्रजीत दोघांनाही 'सीडर' म्हणत असले, तरी हिमालयातला देवदार वेगळा आणि 'व्हर्जिनिया सीडर' वेगळा. त्या दुसऱ्याचं झाड ज्युनिपरच्या कुळातलं. बाटलीत कुठलं आहे ते विचारून घ्या.

सहाण : विचारते. पण अर्काचं काय?

तोळाभर : ताई, अर्क म्हणजे ओव्याचा, बडीशेपेचा. वाफ थंड करून धरलेलं पाणी. वर तरंगतं ते तेल. लाकडाचं आपण तेलच म्हणतो. कनौजची पद्धतही तीच : देगेत, म्हणजे उकळायच्या हंड्यात, फुलं; भपक्यात, म्हणजे वाफ धरायच्या भांड्यात, चंदनाचं तेल, वाफ त्यात उतरते आणि अत्तर होतं.

शब्दवेल्हाळ : 'सत्त्व' तर मुळीच नको. गुळवेलीचं सत्त्व म्हणजे पिठूळ पदार्थ. ऊदाबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

सहाण : तूर्त 'ऊद (अगर)' असं लिहिलंय. सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

दादरची : कंस नको, नुसता ऊद ठेवा! बरं, अग्यारीबाहेर चंदनाच्या काड्या विकतात त्यांना पारशी 'सुखड' म्हणतात. हा शब्द मराठी घरांत कुणी ऐकलाय का?

लाल माती : सुखडी ऐकलीय, पण ती खायची. आणि उदमांजराचं राहिलंच.