मदत हवी आहे : वॉटर कूलिंग असूनही प्रोसेसर ९५ डिग्रीवर

नमस्कार मंडळी. मालवणात लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. पीसीला २४० एमएमचा सीलबंद लिक्विड कूलर (पंपाने नळ्यांतून पाणी रेडिएटरकडे फिरवून प्रोसेसर थंड करणारा) आहे, चार वर्षं जुना. गणपतीपासून रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावला की दोन मिनिटांत ९५ डिग्री, मग स्पीड पडतो. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदलली, रेडिएटरची धूळ काढली. खाऱ्या हवेने रेडिएटरच्या ॲल्युमिनियमच्या फिन्सवर (पातळ पात्यांवर) पांढरा थर धरलाय, तोही ब्रशने साफ केला. फरक नाही.

काल हात लावून बघितलं : एक नळी चटका बसेल इतकी गरम, दुसरी गार, रेडिएटरही गारच. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग स्क्रीनवर) पंपाचा आरपीएम, म्हणजे फिरण्याचा वेग, मात्र नेहमीसारखा. म्हणजे आत गाळ अडकलाय, की पाणी आटलंय? असा कूलर कुणी उघडून साफ केलाय का? की सरळ प्रोसेसरवर बसणारा पंख्याचा एअर कूलर घेऊ? तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतोय, लवकर सांगा.