काळ्या मसाल्याची वेबसाइट काढतोय, कायद्याने काय काय लागतं?

उत्तमनगर_सिडको: मंडळी, आई आणि मावशी मिळून काळा मसाला करतात. चार वर्षं ओळखीपाळखीत जातोय, उन्हाळ्यात महिन्याला ४०-५० किलो. आता साधी वेबसाइट करायची, पैसे आगाऊ, माल कुरिअरने. कागदपत्रांसाठी १० हजार आहेत, त्यावर एक रुपया नाही. एका एजंटने 'सगळं करून देतो' म्हणत २५ सांगितले. खरंच एवढं लागतं का?

पंचवटीकर७२: एजंट अजिबात नको. मी २०२२ साली चिवड्यासाठी फॉस्कॉसवर, म्हणजे अन्न परवान्यांच्या सरकारी साइटवर, स्वतः बसून अन्न नोंदणी काढली, छोट्या धंद्याला तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. १४ आकडी नंबर येतो. तो पाकिटावर छापायचा आणि बिलावरही. बिलाचं बरेच जण विसरतात.

कॅम्पातला_देवळालीकर: चांगला सीए गाठा. मी कंपनी, ट्रेडमार्क, जीएसटी सगळं एकदम केलं, ६० च्या आत झालं. आज निवांत झोपतो.

उत्तमनगर_सिडको: दादा, १० हजार.

कॅम्पातला_देवळालीकर: आत्ता वाचवाल, नंतर दुप्पट घालवाल. बघा बुवा.

मेनरोडवाला: जीएसटीचं नीट समजून घ्या. फक्त महाराष्ट्रात विकलंत तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण स्वतःच्या साइटवरून सुरतेला एक पाकीट जरी पाठवलंत तरी पहिल्या रुपयापासून नोंदणी. मसाल्याला ५ टक्के. हे मला सीएने नव्हे, नोटिशीने शिकवलं.

ओझरची_माई: एवढं घाबरवू नका पोराला. मी आठ वर्षं व्हॉट्सअपवर लोणची विकतेय, कुणी विचारलं नाही. घरगुती मालाला ते ई-कॉमर्सचे नियम नसतात.

तारीख_पे_तारीख: माई, असतात. २०२० च्या नियमांतली सूट कधीमधी खाजगीत काही विकणाऱ्याला आहे, नेमाने धंदा करणाऱ्याला नाही. साइटवर धंद्याचं नाव, पत्ता, फोन आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव लागतं. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याच्या आत निकालात काढायची. आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही आपली दुकानातली पाटी साइटवर लावू नका. माल खराब निघाला, सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला किंवा कबूल तारखेनंतर पोचला तर परत घ्यावाच लागतो. उशिराला पूर वगैरे कारण असेल तर गोष्ट वेगळी.

मेनरोडवाला: +१. माझा एक मित्र तांब्याची भांडी पाठवायचा. हंडा चेपलेला पोचला, हा म्हणाला कुरिअरवाल्याला विचारा. गिऱ्हाईक नागपूरचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. पठ्ठ्या दोनदा नागपूरला जाऊन आला. हंडा अडीच हजाराचा.

येवल्याची_सून: मी साइटवरून 'हातमागाची' पैठणी घेतली, यंत्रावरची निघाली. येवला नाशिकहून दीड-दोन तासांवर, आणि मी माहेरवाशिणीसारखी फोटो बघत बसले. अशांना काय शिक्षा?

पंचवटीकर७२: ताई, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. पण येवल्यातही सगळं हातमागावरचंच मिळतं असं समजू नका.

येवल्याची_सून: आमच्या गावाला नावं ठेवायची तर वेगळा धागा काढा.

कोडवाला_गंगापूररोड: साइट मी करून देतो, १८ हजार. 'फक्त ३ पाकिटं शिल्लक' आणि उलटं घड्याळ फुकट टाकून देईन, त्याने विक्री वाढते.

तारीख_पे_तारीख: मालाचा ढीग असताना 'फक्त ३' लिहिणं ही फसवणूकच. साइटवरच्या अशा फसव्या क्लृप्त्यांबद्दल केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई, गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं, शेवटच्या पायरीवर वाढीव आकार दाखवणं, असे १३ प्रकार नावानिशी दिलेत.

सातपूर_पॅकिंग: सगळे कोर्टात गेलात, लेबल कुणी सांगितलंच नाही. छापील किंमत, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, नाव-पत्ता, तक्रारीचा फोन. शिवाय पाकीट एक किलोच्या आतलं असेल तर ग्रॅमला किती पडतं तेही. या एका ओळीपायी माझी २००० लेबलं रद्दीत गेली. वैधमापनकडे, म्हणजे वजन-मापाच्या सरकारी खात्याकडे, पॅकर म्हणून नोंद करा. आणि वजन पिशवी सोडून धरा.

देवळाली_ते_दुबई: जीएसटी आधी काढा. कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो.

मेनरोडवाला: वर वाचा की साहेब.

उत्तमनगर_सिडको: सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. अन्न नोंदणी आणि पॅकरची नोंद मी स्वतः करतो. जीएसटी आत्ता नाही, पिनकोड महाराष्ट्राबाहेरचा टाकला तर साइट ऑर्डर घेणारच नाही. कंपनी, ट्रेडमार्क नाही. तक्रार अधिकारी म्हणून आईचं नाव टाकतोय.

तारीख_पे_तारीख: आईंचं नको, तुमचं टाका. लोक फोनवर वाट्टेल ते बोलतात.

सातपूर_पॅकिंग: सहमत, तुमचंच टाका.

उत्तमनगर_सिडको: आईच म्हणाली: मसाला माझा, शिव्या पण मीच ऐकणार.

ओझरची_माई: पाव किलो कितीला? आणि दगडफूल घालता का?