ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं का? (अनुभव धागा)

सरकीढेप

मी हिंगणघाटच्या बाजूला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेब पाहतो. सीझनमध्ये आमचा सगळा कारभार एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालतो. मालक, दोन ग्रेडर, काट्यावरचा पोरगा, फिटर, हमालांचे मुकादम, मी, असे 23 जण. गाडी आली की ग्रेडर मूठभर कापूस हातावर घेऊन फोटो टाकतो, खाली ओल लिहितो. ओल 8 टक्क्यांच्या वर गेली की भावात कपात आणि 12 च्या वर गाडी परत, हे सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीचं गणित; आमचे मालकही तेच धरून चालतात. पूर्वी यासाठी काट्यापासून ऑफिसपर्यंत चिठ्ठी घेऊन पोरगा पळायचा. आता पळत नाही. इथपर्यंत ग्रुपचं गुणगान.

गेल्या डिसेंबरात आभाळ आलं. रात्री 10 वाजून 40 मिनिटांनी मालकांनी टाकलं, 'उद्या आवक बंद.' त्याखाली 11 अंगठे. सकाळी मी पोचलो तर फाटकाबाहेर गाड्यांची रांग. समुद्रपूरकडचे शेतकरी पहाटे चारपासून कापसावर ताडपत्री ओढून बसलेले, आणि आमचे चौकीदार काका इमानदारीनं एकेकाला टोकन देताहेत! काकांकडे बटनांचा फोन. ते ग्रुपात नव्हतेच. फाटक उघडणाऱ्या माणसाला सांगावं, असं 23 जणांत एकालाही सुचलं नाही. त्या 11 अंगठ्यांत एक माझाही होता.

मालक म्हणाले, "ग्रुपवर टाकलं होतं ना!" शेतकऱ्यांच्या शिव्या मात्र काकांनी खाल्ल्या. तेव्हापासून हे वाक्य डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा. तुमच्याकडे कामाच्या ग्रुपचा उपयोग कसा होतो, घोळ कुठे होतो, काही जुगाड जमलं असेल तर तेही लिहा. ऑफिसचं नाव नको, साहेबांचं नको, स्क्रीनशॉटही नको.

खडूफळा

तुमचा एक ग्रुप, माझे 14. जिल्हा परिषदेची शिक्षिका, पांढरकवड्याकडची, दोन शिक्षकी शाळा, वर्ग चार. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा, पोषण आहाराचा, यू-डायसचा (शाळेची माहिती), शालार्थचा (पगार), बीएलओचा (मतदारयादी)... बाकीचे मोजायचा कंटाळा आला. 'अतितातडीचे' या शब्दाला आता गुड मॉर्निंगइतकीच किंमत उरली आहे. सकाळी 11 ला मेसेज, '12 पर्यंत माहिती द्या'. जी माहिती मागच्या महिन्यात दुसऱ्या ग्रुपवर दिलेली असते तीच. तोवर पहिलीतलं एखादं पोर पाटीवर 'क' काढून माझ्यासमोर उभं असतं आणि मी मोबाइलात मान घालून. सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

एकदा सगळ्या शाळांचा पट एकाच ऑनलाइन शीटमध्ये भरायचा होता. कोणीतरी मोबाइलवरून एकच रकाना चढत्या क्रमानं लावला. शाळांची नावं जागेवर राहिली, आकडे मात्र गावं बदलून बसले. माझ्या 31 पोरांच्या शाळेत 212 झाली. दोन दिवस मला फोन, "मॅडम, एवढ्या मुलांना एवढासाच तांदूळ कसा?" आता मी भरल्याबरोबर माझ्या ओळीचा फोटो काढून ठेवते.

पण एक ग्रुप आहे, जो कोणत्याही आदेशानं निघालेला नाही. आम्ही सहाजणी, सगळ्यांच्या शाळा कोलाम पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर. पहिलीत येणाऱ्या लेकरांना घरची कोलामीच येते, पुस्तक मराठीत. एकीनं शब्द टाकायचा, दुसरीनं पोषण आहार शिजवणाऱ्या मावशीकडून तो कोलामीत बोलून घेऊन पाठवायचा. मागे चुलीचा जाळ ऐकू येतो, कोंबडी ओरडते, मावशी मध्येच हसते. पाच वर्षांत त्यावर एकही 'ओके मॅडम' नाही. हा ग्रुप बंद पडला तर मी खरंच रडेन.

सागाखाली

आशा सेविका आहे, धारणी तालुका. आमच्या गावात नेटवर्क नाही, गावाबाहेर वळणावरच्या सागाच्या झाडाखाली आहे. सगळा गाव तिथेच उभा राहून बोलतो, त्यामुळे कोणाचं कोणाशी भांडण चालू आहे तेही सगळ्यांना माहीत.

एका बाईचे दिवस भरत आले होते. मी सागाखाली जाऊन ग्रुपवर टाकलं, 'उद्या गाडी लागेल.' घरी आले. दुपारी परत गेले तेव्हा पाहिलं, मेसेजवर टिक नाही, नुसतं घड्याळाचं चिन्ह. गेलाच नव्हता. पाठवला तेव्हा एक दांडी होती, मी वळले आणि तीही गेली असेल. त्या दिवशी नशीब चांगलं, 102 ला फोन लागला, गाडी वेळेत आली. आता माझा नियम असा, की घड्याळ जाऊन टिक दिसेपर्यंत झाडाखालून हलायचं नाही. निळी होवो न होवो. आणि बाळंतपणाचं काही असेल तर मेसेज नंतर, आधी फोन.

दुसरं, बाळ-बाळंतिणीचा फोटो नावासकट ग्रुपवर टाकायची पद्धत होती, भेट दिल्याचा पुरावा म्हणून. एका सासऱ्यानं मला विचारलं, "आमच्या सुनेचा फोटो किती जणांनी पाहिला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आमचं काम पाहणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना सांगितलं, मी रजिस्टर दाखवीन, फोटो टाकणार नाही. त्या थोड्या रागावल्या, मग गप्प राहिल्या.

डीपीवाला

आपल्याले एकच गोठ सांगाची हाये. ग्रुपवर परमिट नसते. परमिट म्हंजे लाइन बंद ठेवून काम कराची परवानगी.

लाइनवर काम करतो. आमच्या सबस्टेशनवरून एकाच गावाचे दोन फीडर, म्हंजे लाइनी, निघतात, एक गावठाणचा, एक शेतीचा. नावात फरक तेवढाच. पावसाळ्यात दोन्हीकडं काम चालू होतं. मी खांबावर. दुसऱ्या गँगच्या पोट्ट्यानं ग्रुपवर बोलून पाठोलं, "काम झालं, घ्या चालू." कोणता फीडर, सांगतलंच नाई. ऑपरेटर जुना माणूस. त्यानं हात लावायच्या आधी मले फोन लावला, "कुठं हायेस?" म्हटलं, वरच हावो. दोघंही थोडा वेळ काहीच बोललो नाई.

तवापासून आमच्यात ठरलं. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच फोन करून परत द्याचं, फीडरचं नाव दोनदा घ्याचं, रजिस्टरात वेळ लिहाची. पडलेला खांब, जळलेली डीपी, तुटलेली तार, याचे फोटो टाका ना ग्रुपवर, त्याच्यासाठी लय चांगला हाये.

तुरकाडी

डीपीवाला भाऊ, वाचून अंगावर काटा आला. त्या ऑपरेटरला एक चहा माझ्याकडून.

मोहपान

ब्रह्मपुरीकडचा. आमच्या गावात पीआरटी आहे, म्हणजे प्राथमिक प्रतिसाद दल. गावातलीच आम्ही पोरं, सोबत बीटचे वनरक्षक. कुठे वाघ दिसला, कोणाचं जनावर मारलं, सगळं ग्रुपवर येतं. आमचं ऑफिस म्हणाल तर जंगलाची कड.

मोहफुलांच्या दिवसांत बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. दोन वर्षांआधी ऐन एप्रिलात एक फोटो आला, पुलावर बसलेला वाघ. खाली 'आपल्याच नाल्यावर' असं लिहिलेलं. दोन दिवस गावातलं कोणी बाहेर पडलं नाही. फुलं झाडाखाली पडून सडली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी नीट पाहिलं, तर पुलाचा कठडाच आपल्याकडचा नाही! फॉरवर्डला 2018 पासून भारतात एका वेळी पाचचीच मर्यादा आहे म्हणतात. पण आमच्यासारख्या गावात पाच फॉरवर्ड म्हणजे दवंडीच.

आता फोटो टाकायचा तर जीपीएस कॅमेऱ्यातूनच, म्हणजे खाली तारीख, वेळ आणि जागा उमटते. पाऊलखूण असेल तर बाजूला आगपेटी ठेवायची, मापासाठी. आणि हा फोटो ग्रुपाबाहेर न्यायचा नाही. कारण खरा फोटो बाहेर गेला की वेगळा ताप, बघ्यांच्या मोटरसायकली येतात आणि वाघाऐवजी आम्हाला माणसंच हाकलावी लागतात.

माडीवरून

कारंज्याजवळच्या खेड्यातून पुण्याच्या कंपनीचं काम करते, घराच्या माडीवर बसून. आमच्याकडे ऑफिसातल्या बोलण्यासाठी आधी फेसबुकचं 'वर्कप्लेस' होतं. 2016 ला निघालं होतं. मेटानं मे 2024 मध्ये ते बंद करायचं जाहीर केलं आणि 31 ऑगस्ट 2025 नंतर त्यावर काही लिहिता येणं थांबलं. नव्या पोरांनी विचारलेले बावळट प्रश्न, जुन्यांनी दिलेली सुंदर उत्तरं, सगळं त्यात होतं. उतरवून घेतलेली फाइल आमच्याकडे आहे. अजून कोणी उघडलेली नाही. आता मायक्रोसॉफ्टचं टीम्स. तिथे एक बरं, प्रत्येक विषयाचं बोलणं त्याच्या त्याच्या खाली राहतं.

मी ही अक्कल बाबांच्या शेतकरी कंपनीत चालवायला गेले. सोयाबीन-तूर, तीनशेच्या आसपास सभासद, एकच ग्रुप, त्यात भाव कमी आणि श्रद्धांजल्या जास्त. मी त्याची व्हॉट्सअॅप कम्युनिटी केली, म्हणजे एका छत्राखाली वेगवेगळे ग्रुप. सूचनांच्या ग्रुपवर फक्त तिघांना लिहिता येतं, गावांचे वेगळे ग्रुप. बारदाना किती लागेल हे कळायला मतदान टाकलं: 10 पोती, 25 पोती, 50 पोती. अर्ध्या लोकांनी तिन्ही दाबले. एकापेक्षा जास्त उत्तरांची परवानगी बंद करायला मीच विसरले होते. बाबा म्हणाले, "पुण्याचे पैसे घेते, आणि बारदाना मोजता येत नाही." दुसऱ्या वेळी जमलं.

सातबारा

सरकारी नोकरीतल्यांनी एवढं लक्षात ठेवा. जुलै 2025 च्या शासन निर्णयात कार्यालयीन समन्वयासाठी व्हॉट्सअॅप, टेलिग्राम वापरायला मोकळीक आहे, पण गोपनीय कागद टाकायचे नाहीत आणि खासगी व कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची. आमच्याकडे वेगळी कोणी केली? एकच सिम, त्यावर साहेबही आणि साळाही. परवा साळ्याला पाठवायचा जोक... जाऊ द्या.

बिबडी

मी बचत गटाची सचिव, दर्यापूर तालुका. उन्हाळ्यात आम्ही बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरड्या, लोणचं करतो. बारा बायांत चौघींना लिहिता-वाचता येत नाही. पहिल्या वर्षी ऑर्डरी लिहून टाकायचे, तर त्या चौघी मागे पडायच्या आणि मग 'आम्हाला सांगतच नाही' म्हणून रुसवा.

आता आम्ही चित्रांवर चालतो. सूर्य म्हणजे कुरडी, कैरी म्हणजे लोणचं, गोल पोळीसारखं चित्र म्हणजे बिबडी. जितके किलो तितकी चित्रं. झालं की घर. घराचं चित्र आलं की माल माझ्या ओसरीवर पोचला असं समजायचं. एकदा एकीनं चुकून 40 सूर्य टाकले. नातवानं बोट दाबून धरलं होतं. मला घाम फुटला, तिनं खरंच 40 किलोचा चीक शिजवला की काय! बोलून पाठवलं तर ती हसून हसून बेजार.

सरकीढेप

सगळ्यांचे आभार. बिबडीताई, तुमची चित्रं मी आमच्या मुकादमांना दाखवली, ते विचारात पडले आहेत. डीपीवाल्या भाऊंचं मी मालकांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी फाटकावर काळा फळा लागला. उद्याची आवक चालू की बंद, ते मी संध्याकाळी खडूनं लिहितो आणि काकांना वाचून दाखवतो. काका मान हलवतात, मगच मी घरी जातो.

कालच मालकांचा मेसेज आला, 'फळ्यावर लिहिलं का? फोटो टाका.'

टाकला. 14 अंगठे.