सार्वभौम तर निजामही होता की!

किनवटकर
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला पाहुण्यांनी ठणकावलं, "आमच्या देशात काय चाललंय ते बाहेरच्यांनी विचारू नये." टाळ्या कडाडल्या. मी मात्र गप्प. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक, गावं लुटत होते तेव्हा हैदराबादचं निजाम सरकार हेच तर म्हणत होतं! आम्ही स्वतंत्र राज्य, दिल्लीनं नाक खुपसू नये. आजोबा सरहद्दीवरच्या कॅम्पात होते, ते असलं ऐकून चवताळले असते. माणसं मारायची मोकळीक म्हणजे सार्वभौमत्व नव्हे.

लातूरचा वकील
अर्धीच गोष्ट सांगायलात राव. युनोत दाद मागायला गेलं कोण? निजामच! तक्रार ऑगस्ट १९४८ मधली. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा शिरल्या, १६ला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेत विषय निघाला, १७ला इकडं शरणागती. कारवाई महिनाभर लांबली असती तर? काश्मीर आपणच तिथं नेलं, त्याचं भिजत घोंगडं बघा. आणि लिबिया? युनोचा २०११ चा ठराव नागरिकांना वाचवायचा होता, शेवट सत्तापालटात झाला. दुबळ्या देशाला सार्वभौमत्वाचं तेवढं एकच कुंपण असतं.

परभणीच्या बाई
वकीलसाहेब, १९४६ आठवा. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा प्रश्न आपणच युनोत नेला होता. त्यांचंही उत्तर हेच : आमची अंतर्गत बाब, देशाच्या घरगुती बाबीत युनोनं पडू नये असं सांगणारं युनोच्या सनदेचं कलम २(७) बघा. विजयालक्ष्मी पंडितांनी ते मानलं नाही, आमसभेनंही नाही. तेव्हा आपलं बरोबर आणि आता कुणी आपल्याला विचारलं की नाक खुपसणं? आपला तो बाब्या!
शिवाय १९९७ चा विशाखा निकाल. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदाच नव्हता, तेव्हा सुप्रीम कोर्टानं स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. आमच्या शाळेतली तक्रार समिती त्यातूनच आलेली आहे. (तिची बैठक कधी होते ते विचारू नका.)

लातूरचा वकील
ताई, विशाखा मान्य, पण तो निकाल माझ्या बाजूचा आहे! करार १९९३ मध्ये आपण मंजूर केला, अर्थ आपल्या कोर्टानं लावला. कुणी विमानं धाडली नाहीत.

किनवटकर
मग युनोच्या छळविरोधी कराराचं काय? १९९७ ला सही केली, मंजुरी अजून नाही. तुम्ही तर फौजदारी वकील.

लातूरचा वकील
ते चूकच आहे. कोठडीत मार खाल्लेले अशील रोज बघतो मी.

जुना जालनेकर
दोघंही बाहेरच्यांवरच भांडताय. पोलिस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे सप्टेंबरच्या त्या फौजी कारवाईनंतर, आपल्याच जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. चौकशीला नेहरूंनीच सुंदरलाल समिती पाठवली, म्हणजे घरचीच माणसं. तिचा अहवाल कित्येक दशकं दडपून ठेवला. बाहेरचे नकोत म्हणता, घरच्यांनी विचारलेलं तरी कुठं ऐकलं?

लातूरचा वकील
काका, याला माझ्याकडं उत्तर नाही. पण निजामानं तक्रार मागं घेतल्यावर सुरक्षा परिषदेनं तरी त्या गावांची विचारपूस केली का?