बुरशीच्या पेशीला 'फुटवा' म्हणावं का?

पलूस: आमच्या उसाच्या खोडव्यात काणी आलीय. शेंड्यातून काळा चाबूक निघतो, तीच. पुतणी कृषी पदविकेला आहे, तिला विचारलं, ही बुरशी वाढते कशी? म्हणाली, "काका, कलिकायनाने." म्हणजे पेशीला कळी येते आणि तिचीच नवी पेशी होते. हे समजावून घेतल्यावर मी म्हटलं, फुटवा फुटतो म्हण की! तर हसायला लागली. चालेल का हा शब्द?

वाई: दहावीच्या पुस्तकात यीस्टला कलिकायन, हायड्राला मुकुलायन अशी वाटणी आहे. अर्थ दोन्हींचा कळी येणे. माझी अडचण 'फुटणे'शी आहे. मडकं फुटलं की संपलं. कोंब फुटला तरी कांडं जागेवर असतं. तुम्हाला दुसरा अर्थ हवाय, परीक्षार्थी पहिला घेईल.

कराड: फुटवा अर्ध्या वाटेपर्यंतच पोचतो. चाबकाची काळी भुकटी म्हणजे बीजाणू. ओल मिळाली की तो रुजतो, अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं) होतं आणि बारीक पेशी तयार होतात. त्या यीस्टसारख्या कळ्या सोडत वाढतात. इथवर फुटवा शोभतो. पण एकटी पेशी उसाचं काही बिघडवत नाही. दोन जुळणाऱ्या पेशी एक झाल्या की तंतू निघतो, आणि तो उसात शिरतो. पेशी एक झाल्या तरी केंद्रकं मात्र दोन. एका वाड्यात दोन चुली! पुस्तकी शब्द द्विकेंद्रकी. पुढे दोन्ही केंद्रकं एकदमच विभागतात, मधे आडभिंत पडते. हे कांड्यापुढे कांडं येण्यासारखं, फुटव्यासारखं नव्हे.

मक्याच्या काणीत तर आणखी मजा. तंतू पानावर असेपर्यंत विभाजन रोखून धरतो, आत शिरल्यावर पुन्हा सुरू करतो. शिवाय तिच्या कळीत केंद्रक विभागताना त्याचं आवरण उघडतं. यीस्टमध्ये ते शेवटपर्यंत मिटलेलं असतं. म्हणजे 'कलिकायन' या एका शब्दाखाली दोन तऱ्हा.

पलूस: पुतणीनं माझा शब्द पाडलाच. काणी लागलेल्या बेटाला गवतासारखे बारीक फुटवे येतात. मग फुटवा उसाचा की बुरशीचा, कसं कळायचं? बिनतोड आहे. तोवर चाबकावर पिशवी घालून कापला, बेट मुळासकट काढून जाळलं.

वाई: मग 'कळी सुटणे' लिहा. ती धरते आणि शेवटी वेगळीही होते.

पलूस: हे पुतणीला चालतंय. मला अजून फुटवाच आवडतो.