हॅस्केलमध्ये एक फीचर वाढवलं की सगळ्या फंक्शन्सना हात लावावा लागतोय, वेगळं कसं ठेवायचं?

टॉवेल_कॉस्टिंग:
नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी कॉस्टिंगचं छोटं सॉफ्टवेअर हॅस्केल या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय. मालक स्वतः सूत्र टाइप करतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), वर सुताचा दर, डाईंग, वेस्टेज. आत सूत्राचा एक डेटा टाइप आणि त्यावर तीन फंक्शन्स, एक हिशोब करतं, एक छापतं, एक चुका तपासतं. 75 बाय 150 सेंटिमीटर, 450 जीएसएम, तर टॉवेल 506.25 ग्रॅम, इथवर झकास.

आता एकाला एवढंच पाहिजे, दुसऱ्याला दरांना नावं द्यायचीत, तिसरा एक्स्पोर्टवाला, त्याला डॉलर पाहिजे आणि प्रत्येक पायरीचा लॉग पण. नावाचे दर घालायला डेटा टाइपमध्ये एक कन्स्ट्रक्टर (सूत्राचा एक नवा प्रकार) वाढवला की तिन्ही फंक्शन्समध्ये एकेक ओळ आलीच, ताण्यातून बाणा जातो तसं प्रत्येक फीचर सगळीकडून आडवं जातंय. सध्या तीन ग्राहकांच्या तीन कॉप्या आहेत. मागच्या महिन्यात वेस्टेजच्या राउंडिंगची चूक एकीत दुरुस्त केली, बाकी दोन्हीत तशीच राहिली, आणि एका पार्टीला चुकीचं कोटेशन गेलं. लई वाईट वाटलं. मी समजत होतो हे दुखणं जावासारख्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषावाल्यांचं, फंक्शनलमध्ये पण असतं का?

जुळे_सोलापूर:
लॉगसाठी रायटर मोनाड वापर की (मोनाड म्हणजे हिशोबासोबत बाजूचं काम, इथे नोंदी, वाहून नेणारी मांडणी). नाहीतर एक हायर ऑर्डर फंक्शन लिही, हिशोबाचं फंक्शन आत घे आणि लॉगवालं बाहेर दे. मूळ सूत्रांना धक्का पण लागत नाही.

बाळीवेस:
वरचं उत्तर लॉगपुरतं बरोबर आहे भावा, पण तुझं खरं दुखणं लॉग नाही. लॉग सगळीकडे सारखाच असतो, तोच कोड दहा ठिकाणी, म्हणून तो मोनाडमध्ये किंवा बाहेरच्या फंक्शनमध्ये गुंडाळता येतो. नावाचे दर हे फीचर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे, हिशोबात यादीतून दर शोधायचा, छापताना नाव छापायचं, तपासताना ते नाव आहे का बघायचं. ते कुठल्या एका रॅपरमध्ये बसणार नाही.

आणि हो, फंक्शनलमध्ये पण असतंच. डेटा टाइपला नवे प्रकार जोडा, नवी फंक्शन्स पण जोडा आणि जुन्या कोडला हात लावू नका, या अडचणीला फिलिप वॅडलर यांनी 1998 मध्ये एक्स्प्रेशन प्रॉब्लेम असं नाव दिलं, आणि त्यातलं उदाहरण तुझ्यासारखंच, सूत्रांचा डेटा टाइप. त्याच्या आदल्या वर्षी, 1997 च्या ईकूप या ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या परिषदेत, ग्रेगोर किझालेस आणि साथीदारांनी अ‍ॅस्पेक्टची, म्हणजे लॉगसारखं सगळीकडे पसरलेलं काम वेगळं काढायची, मांडणी केली आणि त्याच परिषदेत ख्रिश्चन प्रेहोफर यांनी फीचर ओरिएंटेड प्रोग्रामिंग मांडलं. तुला ते दुसरं, फीचरवालं, लागतंय.

म्हणजे फीचरनुसार फोल्डर कर. मूळ, नावाचे दर, डॉलर, लॉग. प्रत्येक फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल, पण त्या फीचरपुरताच तुकडा, डेटा टाइपचा एक कन्स्ट्रक्टर आणि तिन्ही फंक्शन्सची एकेक ओळ. ग्राहकाला जे पाहिजे ते फोल्डर एकावर एक ठेवले की एक टूल नावं जुळवून तुकडे जोडतं. हॅस्केलमध्ये एका फंक्शनच्या ओळी सलगच लागतात, म्हणून हे जोडकाम टूलनेच करायचं. स्वेन अपेल वगैरेंचं फीचरहाउस हेच करतं, जावा आणि सीसोबत हॅस्केलचं पण. मग राउंडिंगची चूक एकाच फाइलीत दुरुस्त होते, तिन्ही ग्राहकांना पोचते.

टॉवेल_कॉस्टिंग:
अण्णा, करून बघितलं. मूळ आणि नावाचे दर जोडले, कंपाइल झालं, पण तपासणीचं फंक्शन यादीत नसलेलं नाव पण पास करायलंय.

बाळीवेस:
मूळ फाइलीत तपासणीच्या शेवटी अंडरस्कोरची ओळ आहे ना, "बाकी सगळं ठीक" वाली? हॅस्केल पॅटर्न (फंक्शनच्या प्रत्येक ओळीत कुठल्या प्रकारासाठी ते लिहिलेलं असतं) वरून खाली बघतं, नवी ओळ तिच्याखाली जोडली गेली म्हणजे तिथवर पोचतच नाही. जीएचसीने (हॅस्केलचा कंपायलर) ओव्हरलॅपची वॉर्निंग दिली असणार, वर स्क्रोल करून बघ. मूळ फाइलीत अंडरस्कोर ठेवूच नकोस, प्रत्येक कन्स्ट्रक्टर नावाने लिही आणि अपुऱ्या पॅटर्नची वॉर्निंग चालू कर, एखादं फीचर छापायची ओळ विसरलं तर लगेच कळतं.

अजून एक आत्ताच सांगून ठेवतो. नावाचे दर आले की हिशोबाला दरांची यादी लागते, टाइप सिग्नेचर (फंक्शन काय घेतं, काय देतं ती ओळ) बदलतं आणि बेरजेची ओळ पण फुकट बदलायला लागते. म्हणून मूळ हिशोब मोनाडमध्येच लिही, कुठला मोनाड ते ग्राहकाच्या बांधणीत ठरू दे. जुळे सोलापूरवाल्यांची सूचना इथे कामाला येते.

जुळे_सोलापूर:
तरी मी बाहेरच्या टूलपेक्षा हॅस्केलच्या टाइप क्लासवर (एकच फंक्शन वेगवेगळ्या टाइपांसाठी वेगळं लिहायची सोय) भरवसा ठेवीन. प्रत्येक फीचरचा वेगळा फंक्टर (त्या फीचरपुरता छोटा डेटा टाइप), मग त्यांची बेरीज, आणि हिशोबाचा एक टाइप क्लास, प्रत्येक फंक्टरला एक इन्स्टन्स. चूक झाली की कंपायलर फीचरच्या फाइलीतच दाखवतो, जोडून झालेल्या फाइलीत नाही. एरर मेसेज मात्र लांबलचक येतात, हे मान्य.

टॉवेल_कॉस्टिंग:
अंडरस्कोरच होता! वॉर्निंग पण होती, मी बघितली नव्हती. काढला, आता चुकीचं नाव अडवतंय. आता डॉलर आणि लॉग दोन्ही असतील तेव्हाच लॉगमध्ये त्या दिवसाचा डॉलरचा दर लिहायचाय. हा तुकडा डॉलरच्या फोल्डरमध्ये ठेवू का लॉगच्या?

बाळीवेस:
दोन्हीत नको, तिसरा छोटा फोल्डर कर, दोन्ही निवडले तरच जोडला जाईल असा. डॉलरमध्ये ठेवलास तर ज्याला लॉग नको त्याची बांधणी तुटेल.